जुन्या कंपनीकडून आपलेच मेडिकल रिपोर्ट आणि सर्व्हिस रेकॉर्ड कसे मिळवायचे? बाबांसाठी विचारतेय

पंचगंगा_काठ | ११ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि कामासाठीच लिहितेय, समजून घ्या.

माझे बाबा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत २००१ ते २०१९ अशी १८ वर्षं कामाला होते. सुरुवातीला थोडी वर्षं मोल्डिंगला आणि मग शेवटपर्यंत फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंगला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ओतलेलं कास्टिंग गार झालं की त्याला चिकटलेली वाळू झाडायची, ग्राइंडरने कडा घासून काढायच्या, ते फेटलिंग. आणि कास्टिंगवर बारीक लोखंडी गोळ्यांचा मारा करून ते साफ करायचं, ते शॉट ब्लास्टिंग. बाबा घरी आले की आई त्यांचा शर्ट मोरीत भिजवायची आणि सकाळपर्यंत बादलीच्या तळाला करडा गाळ बसलेला असायचा, तो मी लहानपणी बोटांनी काढून टाकलाय.

गेली २ वर्षं त्यांना दम लागतो. आधी टीबी म्हणून ६ महिने गोळ्या झाल्या, थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी. आता छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी बघितला आणि सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, असावा असं म्हणाले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्यात, जुने एक्सरे आणि फुंकून करतात त्या टेस्टचे रिपोर्ट असतील तर ते, आणि किती वर्षं कुठल्या खात्यात काम केलं याचा लेखी पुरावा.

कंपनीत दरवर्षी तपासणी व्हायची. कधी आवारात गाडी यायची, कधी गावातल्या एका एक्सरे सेंटरला पाठवायचे. बाबा रजिस्टरवर सही करून यायचे, हातात कागद एकदाही मिळाला नाही. मी मागच्या आठवड्यात त्यांना घेऊन कंपनीत गेले तर एचआरवाले म्हणाले ते कंपनीचं रेकॉर्ड आहे, सोडून गेलेल्या माणसाला आम्ही काही देत नाही. बाबा काही न बोलता गेटबाहेर येऊन गाडीवर बसले. छाती त्यांची, एक्सरे त्यांचा आणि कागद कंपनीचा, हे मला पटत नाहीये. कायद्यात काही आहे का? कुणी मिळवलंय का?

खडीसाखर | ११ जानेवारी

ताई, काळजी घ्या बाबांची. माझ्या सासऱ्यांनाही आधी टीबीच म्हणाले होते, ते साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या धुळीत होते. कायद्याचं मला कळत नाही पण पीएफचं पासबुक आधी काढून घ्या, त्यात कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत कुणाकडे होते ते सरळ दिसतं.

निवांत_पारावर | ११ जानेवारी

डेटा प्रोटेक्शनचा नवीन कायदा आलाय ना २०२३ चा, त्यात आपली माहिती मागायचा हक्क दिलाय. त्याखाली नोटीस ठोका, दंड २५० कोटीपर्यंत आहे, लगेच देतील.

कलम_आणि_कागद | १२ जानेवारी

निवांत, मी कामगार कोर्टात प्रॅक्टिस करतो म्हणून सांगतो, त्या कायद्यावर आत्ता भिस्त ठेवू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती मागायच्या हक्काचा भाग त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणजे २०२७ चा मे. शिवाय तो कायदा फक्त डिजिटल माहितीला लागतो, फाउंड्रीतलं हाताने लिहिलेलं रजिस्टर त्यात बसत नाही. आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे माहिती मागायचा हक्क संमती देऊन दिलेल्या माहितीपुरता आहे, आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरायची मुभा कलम ७ मध्ये दिलीय. त्यामुळे उद्या कंपनी म्हणेल आम्ही संमतीवर चाललोच नव्हतो. कामगारांच्या दृष्टीने हे मोठं भगदाड आहे आणि त्यावर म्हणावं तेवढं कुणी बोलत नाही, मला ते फार लागतं.

पण पंचगंगाताई, तुमच्या बाबांसाठी याहून जुना आणि पक्का कायदा आहे. कारखाने अधिनियम १९४८, कलम ४१ क, इंग्रजी प्रतीत ४१सी. भोपाळनंतर १९८७ मध्ये हे सगळं प्रकरण कायद्यात घातलं. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात मालकाने कामगारांचं आरोग्याचं रेकॉर्ड अचूक आणि अद्ययावत ठेवायचं आणि ते कामगाराला बघायला उपलब्ध असलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि फाउंड्री या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे, पहिल्या अनुसूचीत तिसरा नंबर, त्यात सँड आणि शॉट ब्लास्टिंग नाव घेऊन लिहिलेलं आहे. म्हणजे बाबांचं खातंच तिथे छापलंय.

त्याच कलमात तपासणीचंही आहे. कामाला लावण्याआधी, काम चालू असताना, आणि ते काम सोडल्यावरसुद्धा, १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता. आता सोडून गेलेल्या माणसाची तपासणी करायची जबाबदारी कायदा टाकतो, तर त्याला त्याचं रेकॉर्ड द्यायचं नाही हे म्हणणं टिकत नाही. माझं तरी तेच म्हणणं राहील कुठल्याही अधिकाऱ्यासमोर.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन ४ लेबर कोड लागू झालेत आणि कारखाने अधिनियम त्यात गेला, पण ही तरतूद नवीन सुरक्षा आणि आरोग्याच्या कोडमध्येही आहे. आणि बाबांची नोकरी तर पूर्ण जुन्या कायद्यातली.

पंचगंगा_काठ | १२ जानेवारी

सर, वाचून रडू आलं खरंच. यादीत शॉट ब्लास्टिंग लिहिलंय हे मी बाबांना वाचून दाखवलं. पण एक अडचण निघाली, पीएफचं काढलं तर २०११ पर्यंत कंपनीचं नाव आहे आणि नंतर ठेकेदाराचं. बाबा म्हणतात तेव्हा फक्त कार्ड बदललं, मशीन तेच, फोरमन तोच, जागा तीच. आता कंपनी म्हणेल हा आमचा माणूसच नाही.

कलम_आणि_कागद | १२ जानेवारी

म्हणू दे. कारखाने अधिनियमातली कामगार या शब्दाची व्याख्या वाचा, ठेकेदारामार्फत घेतलेला माणूससुद्धा त्यात येतो. म्हणून आरोग्य रेकॉर्डची जबाबदारी कारखान्याच्या मालकाची, ठेकेदार बदलला म्हणून ती हलत नाही. सर्व्हिस सर्टिफिकेटचं मात्र वेगळं आहे. २०११ पर्यंतचं कंपनीकडून मागा, आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुना नियमांत, कायम कामगाराला नोकरी संपताना सर्व्हिस सर्टिफिकेट मिळण्याचा हक्क दिलाय. पुढचं ठेकेदाराकडून, कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांत त्यानेही काम संपल्यावर ते द्यायचं असतं. दोघांनाही वेगवेगळी पत्रं टाका.

रजिस्टर_सांभाळणारी | १३ जानेवारी

मी २२ वर्षं चाकणच्या बाजूला एचआर आणि टाइम ऑफिसला काढलीत, त्यामुळे आतली बाजू सांगते. बहुतेक वेळा नाही म्हणणाऱ्या माणसाला हक्क वगैरे माहीतच नसतो, त्याला एवढंच सांगितलेलं असतं की कागद बाहेर गेला की केस आत येते. म्हणून तो नाही म्हणतो आणि त्याची नोकरी वाचते. तोंडी विचारलंत की उत्तर नाहीच येणार. लेखी विचारलंत की त्याला ते वर पाठवावं लागतं.

आणि मागताना सगळं रेकॉर्ड द्या असं लिहू नका ताई, तसं लिहिलं की असं काही रेकॉर्ड नाही म्हणून एका ओळीत मोकळे होतात. कागदाचं नाव घेऊन मागा. हेल्थ रजिस्टरमधल्या माझ्या नावाच्या नोंदी, दर वर्षाच्या तपासणीचे एक्सरे आणि पीएफटी, म्हणजे त्या फुंकायच्या टेस्टचे रिपोर्ट, हजेरीपत्रकातल्या माझ्या नोंदी, भरपगारी रजेच्या रजिस्टरमधलं माझं पान, खातेबदलाची पत्रं, सेफ्टीच्या वस्तू वाटपाचं रजिस्टर. हे शेवटचं लोक विसरतात. मास्क आणि ग्लोव्हज कुणाला दिले त्याच्या सह्या घेतात आणि त्यात खात्याचं नाव असतं, म्हणजे माणूस फेटलिंगला होता हे तिथे आपोआप सिद्ध होतं.

अर्ज बाबांच्या सहीने द्या. तिकीट नंबर म्हणजे कंपनीतला कामगार नंबर, पीएफ नंबर, ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचा नंबर टाका. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

गिरणगाव_ते_वांगणी | १३ जानेवारी

रजिस्टरताई म्हणतात त्यातला शब्द न शब्द खरा आहे. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. म्हाडाच्या घरासाठी १ जानेवारी १९८२ ला गिरणीच्या पटावर होते हे दाखवावं लागतं आणि त्यासाठी कागदांची यादी आहे, तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, लिव्ह रजिस्टर, पगाराची पावती, ईएसआयसी नंबर, पीएफचे कागद, ग्रॅच्युइटीच्या आदेशाची प्रत असं सगळं. वडील गेले तेव्हा घरात काय होतं तर एक पगाराची पावती, ती पण आईने देव्हाऱ्यातल्या पोथीत घडी करून ठेवलेली म्हणून वाचली. गिरणी पाडली तेव्हा ऑफिसातली कपाटं कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. ज्यांच्या घरी ती पावती नव्हती त्यांनी काय करायचं? १५ आणि २० वर्षं राबलेली माणसं, पण कागदावर ती तिथे नव्हतीच.

ताई तुमची कंपनी अजून उभी आहे, कपाट जागेवर आहे, तोवर काढून घ्या. हे मी हात जोडून सांगतो.

झेडपी_गुरुजी | १४ जानेवारी

आमच्याकडे सरकारी नोकरीत सेवापुस्तक असतं तरी तेच हाल. दरवर्षी दाखवून सही घ्यायचा नियम आहे, प्रत्यक्षात निवृत्तीच्या आधी ६ महिने सगळे धावतात. मी दुय्यम सेवापुस्तक पहिल्यापासून स्वतःकडे ठेवलं, प्रत्येक नोंदीला साहेबांची सही घेतली, आणि एकदा मूळ पुस्तकात ३ वर्षांची वेतनवाढ नोंदवायची राहिली होती ती माझ्या प्रतीवरून लागली. सरकारी माणसाला माहितीच्या अधिकारात स्वतःचं सेवापुस्तक मागता येतं. खासगीला ते लागू नाही एवढंच वाईट.

कलम_आणि_कागद | १४ जानेवारी

गुरुजी, पूर्ण तसं नाही, आणि इथेच पंचगंगाताईंचं काम होणार आहे असं मला वाटतंय. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २ च, माहितीची व्याख्या. खासगी संस्थेची जी माहिती एखाद्या सरकारी कार्यालयाला दुसऱ्या कुठल्याही कायद्याने मागवता येते, तीसुद्धा माहितीच धरली जाते. फाउंड्रीवर देखरेख कुणाची? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, ज्याला आपण फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतो, कोल्हापुरातच आहे. त्यांना कारखान्याचं कुठलंही रजिस्टर बघायचा अधिकार आहे. म्हणजे अर्ज तिथे करायचा.

महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत. नाही आलं तर पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. अर्ज बाबांच्याच नावाने आणि सहीने करा, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला जागा राहता कामा नये. स्वतःचीच माहिती मागणाऱ्याच्या खासगीपणाचा भंग कसा होणार?

मजकूर साधारण असा ठेवा: "मी अमुक कारखान्यात २००१ ते २०१९ या काळात फेटलिंग व शॉट ब्लास्टिंग विभागात कामगार होतो. माझ्या नियतकालिक वैद्यकीय तपासणीच्या नोंदी, हेल्थ रजिस्टरमधील माझ्या नावाच्या पानांच्या प्रती आणि आपल्या कार्यालयाकडे या कारखान्याने सादर केलेल्या वैद्यकीय तपासणीच्या याद्यांतील माझ्या नोंदी मिळाव्यात." बास, एवढंच. रागाचं एक वाक्यही घालू नका.

टेम्स_नव्हे_बर्मिंगहॅम | १५ जानेवारी

मी मूळची इचलकरंजीची, इकडे बर्मिंगहॅमला कामगारांच्या आरोग्याच्या क्षेत्रात नर्स आहे. या भागात पूर्वी फाउंड्र्याच फाउंड्र्या होत्या. इकडे सोडून गेलेला कामगार जुन्या कंपनीला साधा ईमेल टाकतो की माझ्याबद्दल जे काही ठेवलंय त्याची प्रत द्या, कारण सांगायची गरज नाही, फी नाही, आणि १ महिन्यात द्यावं लागतं, फारच गुंतागुंतीचं असेल तर आणखी २ महिने. आणि सिलिकासारख्या पदार्थाशी काम असेल तर आरोग्य देखरेखीची नोंद ४० वर्षं ठेवायची असते. ४० का, तर हा आजार धूळ बंद झाल्यावरही पुढे सरकतो, कधीकधी काम सोडून कित्येक वर्षांनी दिसतो. तुमच्या बाबांचं तेच झालंय.

माझ्या समोर एक पंजाबी आजोबा आले होते, १९७० च्या दशकात फाउंड्रीत होते. त्यांची फाइल आली आणि तेव्हाच्या फुंकण्याच्या टेस्टचे आकडे आम्ही आत्ताच्या आकड्यांशेजारी ठेवले, तेव्हा डॉक्टरांना एका नजरेत कळलं की किती घसरलंय. एकट्या आजच्या रिपोर्टवरून ते कळत नाही. म्हणून तुमचे डॉक्टर जुने मागतायत ते अगदी बरोबर आहेत.

कलम_आणि_कागद | १५ जानेवारी

४० वर्षांचा विषय निघाला म्हणून. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना हेच सांगितलंय, कामगाराचं आरोग्य रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सोडल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. आणि कामगाराचा आरोग्याचा हक्क नोकरी संपल्यावरही जगण्याच्या हक्काचा भाग आहे असंही म्हटलंय. आदेश ॲस्बेस्टॉसपुरता आहे, तरी पत्रात त्याचा उल्लेख करा.

रजिस्टर_सांभाळणारी | १५ जानेवारी

अजून एक, एक्सरे सेंटर! ताई तुम्ही लिहिलंय की गावातल्या सेंटरला पाठवायचे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं आहे. ३ वर्षांपर्यंतच ठेवायचं बंधन आहे म्हणून २०१९ आधीचं मिळेलच असं नाही, पण कॉम्प्युटरवर राहिलेलं असतं पुष्कळदा. कंपनीच्या मागे लागण्याआधी तिथे जाऊन या, बाबांना घेऊन, आधार कार्ड घेऊन.

पंचगंगा_काठ | २० जानेवारी

सगळ्यांचे किती आभार मानू. कंपनीला, ठेकेदाराला पत्रं गेली, माहिती अधिकाराचा अर्ज हातोहात देऊन शिक्का घेतला. बाबांनी तिन्ही ठिकाणी सही केली, सही करताना हात थरथरत होता पण मी करू का विचारलं तर नको म्हणाले.

एक्सरे सेंटरला पण गेलो. आधी तिथला मुलगा म्हणाला बिल कंपनीने भरलं म्हणजे रिपोर्ट कंपनीचा. मी ७२ तासांचं सांगितलं. आतून मॅडम आल्या, बाबांकडे बघितलं आणि स्वतः कॉम्प्युटरवर बसल्या. नावाने नाही सापडलं, मग कंपनीच्या नावाने, तारखेने शोधलं, अर्धा पाऊण तास लागला. २०१६ चा एक सापडला. नाव चुकीचं टाइप झालेलं, आडनावात एक अक्षर कमी, पण वय आणि तिकीट नंबर बरोबर. मॅडमनी प्रिंट दिली, शिक्का दिला, पैसे घेतले नाहीत.

रिपोर्टवर २०१६ लाच लिहिलंय की दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक ठिपके, पुढील तपासणी सुचवली आहे. त्यानंतर बाबांनी ३ वर्षं तिथेच काम केलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

खडीसाखर | २० जानेवारी

अगं काय गं हे.

टेम्स_नव्हे_बर्मिंगहॅम | २१ जानेवारी

वाचून सुन्न झाले. ताई, हा कागद आजच्या आज डॉक्टरांना दाखवा आणि मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या.

कलम_आणि_कागद | २१ जानेवारी

आता हा फक्त रेकॉर्डचा विषय राहिला नाही. बाबा ईएसआयसीत होते ना? सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार धरला जातो, तिथे मेडिकल बोर्डापुढे जावं लागेल आणि २०१६ चा हा कागद तिथे फार उपयोगी पडेल. मला मेसेज करा, फीचा विचार करू नका.

पंचगंगा_काठ | ८ मार्च

अपडेट देते. माहिती अधिकारात उत्तर आलं, ४ पानं मिळाली. दोन वर्षांच्या तपासणीच्या याद्या आहेत, दोन्हीत बाबांचं नाव आहे, खातं फेटलिंग, शेरा फिट. कंपनीने सर्व्हिस सर्टिफिकेट दिलं पण त्यात फक्त हेल्पर लिहिलंय, खात्याचं नाव नाही. हेल्थ रजिस्टर अजून दिलेलं नाही, त्यासाठी पहिलं अपील टाकलंय. ठेकेदाराचं पत्र परत आलं, पत्त्यावर कुणी राहत नाही.

खातं सिद्ध करायला सोबतच्या कामगारांची प्रतिज्ञापत्रं घ्या असं सरांनी सांगितलं म्हणून बाबांनी जुन्या लोकांना फोन केले. काल चौघं जण घरी आले होते, हातकणंगले, हेर्ले अशा गावांतून. आईने चहा केला. सह्या झाल्या, मग त्यातल्या एका काकांनी २०१६ चा तो रिपोर्ट हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले, म्हणाले, पोरी, त्या दिवशी सेंटरला नेणाऱ्या गाडीत आम्ही चौघं पण होतो की, आमचेपण निघतील का? ते जिना चढून आल्यावर बोलायच्या आधी दोन मिनिटं थांबले होते, माझ्या लक्षात आलं होतं.

चौघांचे अर्ज काल रात्री लिहून काढले, प्रत्येकाचा वेगळा. सोमवारी त्यांना घेऊन एक्सरे सेंटरला जातेय. सर, मजकूर एकदा बघून द्याल का?

कलम_आणि_कागद | ८ मार्च

पाठवा. आणि आडनाव थोडं वेगळ्या स्पेलिंगनेही शोधायला सांगा मॅडमना.